जरा सरकून घ्या!

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालेली एसटी 'भरली' असे मी अजून कंडक्टरच्या तोंडून ऐकलेले नाही. तो एवढेच म्हणतो, "मागे चला, मागे जागा आहे." मागे जागा नसते, हे त्यालाही ठाऊक असते. तरी माणसे सरकतात, बोचकी मांडीवर चढतात आणि दारातली म्हातारी आत येते. एक्सेलच्या मॅक्रोत याद्या कशा वाढवायच्या हे पुस्तकाने शिकवले ते विसरलो. या एसटीने शिकवले ते लक्षात राहिले.

प्रकरण तेंदूपानांचे. मे महिन्यात पहाटे अख्खे घर जंगलात, दुपारी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. ७० पानांचा एक पुडा, १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. पेसा आणि वनहक्क कायद्यामुळे इथल्या कितीतरी ग्रामसभा हा व्यवहार आता स्वतः पाहतात. म्हणजे हिशेबही त्यांच्याच गळ्यात. अशाच एका गावचा हिशेब ठेवणारा पोरगा म्हणाला, "भाऊ, कम्प्युटरवर बसवून द्या न जी." मी रुबाबात 'हो' म्हटले.

पहिल्याच गोणीला आपटलो. एका गोणीत पाने किती? ७० गुणिले १०००. मॅक्रोची भाषा असे छोटे आकडे 'इंटिजर' समजते, आणि इंटिजरची धाव ३२,७६७ पर्यंतच. उत्तरासाठी मी 'लाँग' नावाचे मोठे भांडे मांडून ठेवले होते, पण बाईसाहेबांनी ते भांड्यात ओतण्याआधीच सांडले. पडद्यावर अक्षरे आली : ओव्हरफ्लो. जी गोणी फळीवरची माणसे हसतखेळत ट्रकात चढवतात, ती संगणकाला पेलवेना.

मग आली नावांची रांग. तिला अ‍ॅरे म्हणतात. मी 'अ‍ॅरे' म्हटले की पोरगा दर वेळी "हो जी" म्हणायचा. या अ‍ॅरेला आधी सांगावे लागते, किती जण येणार. मी ६० घरे सांगितली. माहेरपणाला आलेली एक लेक पाने तोडायला गेली आणि ६१वे नाव निघाले. 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज', एरर नंबर ९. आमच्या भाषेत : बाई, तुमची सीट नाही.

यावर 'रीडिम' हा उतारा आहे. त्याने मोठी गाडी येते खरी, पण आधीचे सगळे प्रवासी रस्त्यावर उतरवून. ६० घरांची आठवडाभराची मजुरी एका ओळीत पुसली गेली. पुढे 'प्रिझर्व्ह' लिहिले तर बसलेले बसून राहतात. मात्र अट अशी, की गाडी फक्त शेवटच्या बाजूने वाढते. मागे चला! नावांपुढे रोजची मजुरी लिहायची, म्हणून माझ्या तक्त्याला दोन बाजू होत्या : घरे पुढच्या बाजूला मांडली होती, दिवस मागच्या. दिवस हवे तेवढे वाढत होते, माणूस एक वाढत नव्हता. सरकारी कचेरीत फार वर्षे काढल्यावर माणसाच्या हातून असाच तक्ता होतो. सगळे उलटे मांडले, घरे मागे नेली, तेव्हा लेकीला सीट मिळाली.

एवढ्यात शेजारची चार गावे आली. एकाच चौकोनात सगळी कोंबली, तर मोठ्या गावाच्या मापाने १२ घरांच्या टोल्यालाही, म्हणजे वस्तीलाही, ओळी द्याव्या लागतात. ओसाड वाड्यात एकटा म्हातारा राहतो तसा तो टोला दिसू लागला. म्हणून अ‍ॅरेंचा अ‍ॅरे केला. म्हणजे एक आगार, त्यात प्रत्येक गावाची आपापल्या लांबीची गाडी. पण गाडी आगारात उभी असताना तिला सीट जोडता येत नाही. बाहेर काढा, वाढवा, परत नेऊन लावा. तेही केले.

एसटीच्या त्या धानोरा रस्त्यावरच मेंढा (लेखा) आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारे हे गाव बहुमताने ठरवत नाही. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बसते. बहुमतात काही जण उतरवले की गाडी लवकर सुटते. मेंढ्यात गाडी उशिरा सुटते, पण उतरत कोणी नाही. 'प्रिझर्व्ह' या शब्दाचा याहून सोपा अर्थ मला सांगता येणार नाही.

हंगाम संपला, मॅक्रो धावला, बेरीज जुळली. मी घाम पुसतोय तोच एक आजी दारात आली. पावसाआधीच्या शेवटच्या दिवशीचे तिचे ४० पुडे राहिले होते. मी म्हटले, "थांबा, फाइल उघडतो." पोरग्याने तोवर जुनी लाल वही ओढली आणि समासात, आडव्या अक्षरांत, आजीचे नाव लिहून टाकले.

वहीला समास असतो. तिथे कोणालाही सरकून घेता येते.