थेट सातवी पायरी

ध्यानाला बसायचं ठरवलंत, अभिनंदन. सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. पतंजलींच्या अष्टांग योगात ध्यानाचा नंबर सातवा आहे. त्याआधी यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार आणि धारणा अशा सहा पायऱ्या लागतात. पण तुमच्याकडे सकाळची पंधरा मिनिटं आहेत आणि आयुष्य सोमवारपासून बदलायचं आहे. तेव्हा ही मार्गदर्शिका थेट सातवीपासून सुरू होते. खालच्या सहा पायऱ्यांवर रेंगाळण्यात तसाही अर्थ नाही, तिथे गैरसोयीचं सामान फार पडलंय. यमातलं सत्यच घ्या. अंगावर टॉवेल असताना साहेबांना ‘निघालोय, सिग्नलला आहे’ असं सांगणाऱ्याचं घोडं तिथेच अडणार. अपरिग्रह घेतला तर माळा उपसावा लागणार. आणि नियमांमध्ये तर संतोष बसलेला आहे. तो जमला तर पुढचं वाचायचीही गरज नाही. ज्याला संतोष आहे त्याला मोटिव्हेशन कशाला हवंय?

आपल्याला मात्र हवंय. शिवाय निर्णयही चांगले घ्यायचेत, आणि दोन्ही एकाच बैठकीत. (यात एक मेख आहे. ती पुढे सांगतो. आत्ता सांगितली तर तुम्ही बसणारच नाही.)

सातवी (अ): जागा

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ध्यानाच्या जागेचं मोठं देखणं वर्णन आहे. दाट झाडं हवीत, निर्मळ वाहतं पाणी हवं, पाखरं असावीत पण त्यांचा गलका नसावा. आमच्या तिसऱ्या मजल्यावर यातलं बरंचसं आहे. वाहतं पाणी वरच्या फ्लॅटच्या पाइपातून येतं, ठरावीक वेळी, मोठ्याने. पाखरं म्हणजे कबुतरं, ती एसीच्या मागे राहतात. सहा वाजून दहा मिनिटांनी सोसायटीचा पंप सुरू होतो आणि सातच्या सुमाराला घंटागाडी. या सगळ्याच्या मधे जी फट सापडते ती तुमची.

बसायला काय घ्यावं? मी ध्यानाची खास उशी घेतली, आत कसलीशी टरफलं भरलेली, अठराशे पन्नास रुपयांना. ही रक्कम लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे. खरं तर जाड चादरीची चौपदरी घडी पुरते. तिच्या कडेवर असं बसायचं की गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील. मग पाठ आपोआप सरळ राहते आणि पायाला मुंग्याही जरा उशिरा येतात. या अख्ख्या मार्गदर्शिकेत विश्वास ठेवून ताबडतोब करून पाहण्यासारखी ही एकच गोष्ट आहे.

सातवी (आ): श्वास

डोळे मिटा. श्वास सोडताना मनात ‘एक’ म्हणा. पुढचा सोडताना ‘दोन’. असं दहापर्यंत जायचं आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. मधे विसरलात तर चिडायचं नाही, एकवर यायचं. पद्धत एवढीच आहे. हिचे तुमच्याकडून कोणी पैसे घेतले असतील तर ते सतरंजीचे घेतले असं समजा.

प्रत्यक्षात ते असं होतं. एक. दोन. तीन, मटकी भिजत घातली का? तीन. नाही, एक. एक. दोन, परवा त्या मीटिंगमध्ये मी असं म्हणायला हवं होतं. माझ्या बाबतीत चारच्या आसपास स्कूटर येते.

ही स्कूटर सव्वीस वर्षांची आहे. सकाळी आधी तिरकी करावी लागते, मग पाच-सहा किका, मग एकदा प्लग काढून पुसणं. दोन वर्षांपूर्वी तिची क्लचप्लेट बदलली. क्लचप्लेट नवी म्हणून बोअर करून घेतलं. बोअर झालं म्हणून पत्र्याचं काम आणि रंग. रंग नवा दिसायला लागला तर सीट फारच जुनी दिसायला लागली. एकूण तेवीस हजार चारशे. ‘एवढं केलंय तर आता विकायची कशाला’ हे वाक्य पहिल्यांदा गॅरेजवाला म्हणाला की मी, हे आता आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. हिचं काय करायचं हा निर्णय आणि सकाळी उठून ऑफिसला जाण्याची उमेद, या दोन गोष्टींसाठी मी ध्यानाला बसलो होतो.

सातवी (इ): झोप

चौथ्या-पाचव्या दिवशी झोप लागेल. घाबरू नका, तिला पाली नाव आहे: थीनमिद्ध. बौद्ध परंपरेत ध्यानाच्या आड येणारी पाच नीवरणं सांगितली आहेत. हवंसं वाटणं, नकोसं वाटणं, सुस्ती, चुळबुळ आणि शंका. म्हणजे आपल्या साध्या पेंगण्याची नोंद थेट त्रिपिटकात झालेली आहे. एवढा मान आपल्याला शाळेतही मिळाला नाही. जपानमधल्या झेन मठांत पेंगणाऱ्याच्या खांद्यावर चपट्या लाकडी काठीचा फटका देतात. आमच्याकडे ते काम कुकर करतो.

सातवी (ई): इगतपुरी

पंधरा मिनिटांनी भागेना, तेव्हा दहा दिवसांची रजा काढून मी विपश्यनेला इगतपुरीच्या धम्मगिरीला गेलो. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, ‘कौटुंबिक’. सत्य ही पायरी आपण सोडलेली होतीच.

माहितीसाठी सांगतो. पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे बंद, आणि मधे दहाएक तास नुसतं बसायचं. मोबाइल सुरुवातीलाच जमा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, वाचायचं नाही, लिहायचं नाही. फी नाही, शेवटी दान द्यावंसं वाटलं तर द्यावं. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते आणि मग दिवसातून तीनदा तासभर अजिबात न हलता बसायचं. त्याला अधिष्ठान म्हणतात. पहिल्या अधिष्ठानात तिसाव्या मिनिटाला माझ्या उजव्या गुडघ्याने मला जे सांगितलं ते मौनाच्या नियमात बसणारं नव्हतं.

पण खरा छळ ‘लिहायचं नाही’चा. तिसऱ्या दिवशी दुपारी एक ते अडीचच्या बैठकीत मी अकरा निर्णय घेतले. नोकरी सोडायची. तबला शिकायचा. गावच्या घराचं छप्पर बदलायचं. चुलतभावाला फोन करून १९९८ सालच्या लग्नातल्या आहेराचा विषय एकदाचा काढायचा. काय स्पष्टता होती! खिशात पेन असतं तर यातले निदान सात अमलात आले असते, आणि आज मी तबला शिकलेला बेकार असतो, भावकीतून उठलेला. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा अकरातले दोन आठवत होते: छप्पर आणि स्कूटर. छप्पर खरंच गळत होतं. तेव्हा नवशिक्यांना माझा सल्ला असा, की बसल्याजागी सुचलेला निर्णय कितीही थोर वाटला तरी लगेच टिपून ठेवू नका. खरा असेल तर तो पुन्हा येतो, पत्ता विचारत.

तिथे संध्याकाळी सत्यनारायण गोएंकांची रेकॉर्ड केलेली प्रवचनं असतात. हे गोएंका मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीवर इलाज म्हणून. दुखणं असं की मॉर्फिन घ्यावं लागे. ऊ बा खिननी आधी चक्क नकार दिला. डोकेदुखीसाठी ही विद्या नाही, मन शुद्ध करायला येणार असाल तर या, असं त्यांचं म्हणणं. मॉर्फिन लागणाऱ्या माणसाला जिथे नकार मिळाला, तिथे ‘मार्चएंडला जरा जोर यावा’ हे माझं कारण कुठे टिकणार होतं? मी ते कोणाला सांगितलं नाही. मौनाचा तेवढा फायदा झाला.

हे सगळं मला तिकडे जाताना गाडीतच कळायला हवं होतं. कसाऱ्याहून वर येताना लांबच्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. मोटिव्हेशन म्हणून मला जे हवं होतं ते तेच, मागून कोणीतरी रेटणारं. आणि हे बँकर काढून घेतात कुठे? इगतपुरीला.

सातवी (उ): मेख

आता ती मेख. २०१४ साली अँड्र्यू हाफेनब्रॅक, झोई किनियास आणि सिगल बारसाद या तिघांनी प्रयोग करून दाखवलं की पंधरा मिनिटं श्वासाकडे लक्ष दिलेली माणसं बुडीत पैशाच्या मागे आणखी पैसा घालायचं टाळण्याची शक्यता जास्त. कारण सोपं आहे. गेलेल्या पैशाचा सल मागे असतो आणि वाया जाण्याची भीती पुढे; श्वास मोजणारा माणूस तेवढा वेळ या दोन्हींकडे कमी बघतो, त्याचं मन जरा निवतं, आणि मग समोरची स्कूटर त्याला स्कूटर म्हणून दिसते. या बुडीत खर्चाच्या रोगाचं जगप्रसिद्ध उदाहरण काँकॉर्ड विमानाचं. परवडणार नाही हे दिसत असूनही ब्रिटन आणि फ्रान्सची सरकारं ‘एवढं केलंय तर’ म्हणत पैसे ओतत राहिली. ते विमान प्रवासी घेऊन उडायला लागलं १९७६ साली. धम्मगिरीही १९७६ सालचीच. रोग आणि औषध एकाच वर्षी बाजारात आले म्हणायचे.

निर्णयांपुरतं सगळं छान. पण त्याच हाफेनब्रॅक यांनी २०१८ साली कॅथलीन व्होस यांच्याबरोबर दुसरा अभ्यास छापला. ध्यान करून उठलेल्या लोकांना मजकूर दुरुस्त करण्यासारखी रटाळ कामं दिली. त्यांची काम करण्याची हौस कमी झालेली आढळली. दर्जा मात्र घसरला नाही आणि सुधारलाही नाही. कामाची आस गेली आणि काम तेवढंच होत राहिलं. आमच्या ऑफिसात वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाची ही नैसर्गिक अवस्था आहे, तिला वेगळी साधना लागत नाही.

म्हणजे एकाच उशीवर आपण दोन गोष्टी मागत होतो आणि त्यातली एक ती उशीच काढून घेते. गंमत म्हणजे ज्ञानेश्वरांनी हे १२९० सालीच लिहून ठेवलंय. वर सांगितलेल्या त्या रम्य जागेबद्दल ते म्हणतात की ती पाहताच विलासी माणसालाही वाटावं, राज्य राहू दे तिकडे, आपण इथेच निवांत बसावं. राज्याची ही गत, तिथे आपल्या क्वार्टरली टार्गेटचं काय घेऊन बसलात? मी तो अध्याय दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा झाडांपाशीच थांबलो होतो.

अर्थात ध्यानाने माणूस कामातून उठतोच असंही नाही. ते ऊ बा खिन कोणी अरण्यातले साधू नव्हते, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल होते. ऑफिसातच सहकाऱ्यांना ध्यान शिकवत, आणि एका वेळी तीन-चार खात्यांचा कारभार बघत. जमाखर्च तपासणाऱ्या माणसाला बुडीत खातं ओळखता येणं साहजिक आहे. पण चार खात्यांची ती ऊर्जा कुठून येत असेल, हे कोडं मला सुटलेलं नाही. पंधरा मिनिटांत ती येत नाही एवढं खात्रीने सांगतो.

तेव्हा वापर असा करावा. करायचं काय ते ठरलेलं आहे आणि फक्त उठून करायचं आहे, अशा सकाळी ध्यानाला बसू नये, चहा घ्यावा. सोडायचं काही असेल तर बसावं.

सातवी (ऊ): निर्णय

मी एका रविवारी बसलो. एकदा दहापर्यंत गेलो, दुसऱ्यांदा सातपर्यंत. स्कूटर नेहमीप्रमाणे आली, पण या वेळी तिच्याबरोबर तेवीस हजार चारशे आले नाहीत. नुसतीच येऊन उभी राहिली. उठलो, आधी भिंत धरली कारण डावा पाय झोपलेला होता, आणि भंगारवाल्याला फोन लावला. त्याने सहा हजार सांगितले. बायको म्हणाली, “सहा? नुसता रंगच नऊ हजारांचा होता.” मी म्हटलं, “असू दे.” तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि ताप आहे का ते पाहिलं.

भंगारवाला आला, खाली किका मारत राहिला. दहाव्या किकेपर्यंत मी गॅलरीत गप्प उभा राहिलो. दहा दिवस मौन पाळलेल्या माणसाला एवढं जमायला हवं. मग राहवेना.

“अहो, तिरकी करा आधी!”

तिरकी केली. दुसऱ्या किकेला सुरू झाली.

राहता राहिली उशी. अठराशे पन्नास. तिच्यावर ध्यान नीट जमलं असतं तर त्या पैशांचा सल एव्हाना गेला असता आणि ती कधीच माळ्यावर पडली असती. तो सल अजून आहे, म्हणून वसुलीसाठी बसणं भाग आहे. मी रोज बसतो.