शून्य केल्विनचे सर

पुण्यातल्या विज्ञानसंस्थांच्या आवारात असे एक सर हटकून भेटतात. पीएच.डी. खनिजांवर, पोस्टडॉक खनिजांवर, प्राध्यापकीही खनिजांवरच. हातोडीशी संबंध मात्र भिंतीत खिळा ठोकण्यापुरता. वाघोलीच्या खाणीतल्या निळ्याशार कॅव्हन्साइटवर जगभरचे संग्राहक जीव टाकतात. सरांनी ते पाहिलंय पडद्यावर, रंगीत गोळ्यांच्या रूपात. खऱ्या खड्याचा रंग विचारला तर म्हणतात, "कॅल्क्युलेशन लावलंय, कळेलच."

"लॅब कुठाय तुमची?" असं पाहुण्यांनी विचारलं, की सर खांद्यावरच्या पिशवीतून लॅपटॉप काढतात. पाहुणे विषय बदलतात.

सरांचं आराध्यदैवत वॉल्टर कोन. इलेक्ट्रॉनांची घनता कळली की पदार्थाची किमान ऊर्जा कळते, हे कोन आणि होहेनबर्ग यांनी 1964 साली सिद्ध केलं. 1998 साली कोनना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गोम एवढीच, की त्या ऊर्जेच्या सूत्रातलं एक पद नेमकं कसं असतं हे आजवर कुणालाच ठाऊक नाही. तिथे अंदाज घालतात. सुरुवातीच्या एका लोकप्रिय अंदाजानुसार लोखंडाचं सर्वांत स्थिर रूप चुंबकीय नसायला हवं होतं! चुंबकाला लोंबकळणाऱ्या टाचणीसमोर हे म्हणायला छाती लागते. नंतर अंदाज सुधारला; टाचणी होती तिथेच होती.

पृथ्वीच्या पोटातलं सगळ्यांत मुबलक खनिज ब्रिजमनाइट. सर संगणकात त्याचे 80 अणू घेतात आणि तेच चहूबाजूंनी अनंतापर्यंत पसरलेत असं मानतात. त्यात मॅग्नेशियमचे अणू 16. एकाच्या जागी लोखंड घातलं की थेट सव्वासहा टक्के भेसळ. कमी हवी तर अणू वाढवा. पण अणू दुप्पट केले की साधारण आठपट वेळ, आणि महासंगणकाच्या रांगेत पुढे कुणाचे तरी आणखी मोठे हिशेब. हिशेबातलं तापमान? शून्य केल्विन. विद्यार्थी थंडीतही घामाघूम.

प्रयोगवाले सहकारी चहाच्या टपरीवर छेडतात, "हे सगळं खरं कशावरून?" सरांचं उत्तर तयार असतं: माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोलाचं, 12 किलोमीटरांच्या थोडं पुढे गेलेलं, सरांचं खनिज पार 2,900 किलोमीटरांच्या आसपासपर्यंत. "जा, बघून या."

2004 साली जपान्यांनी हिऱ्यांच्या चिमटीत तिथलाच दाब आणून ब्रिजमनाइटचं नवं रूप घडवलं, याची आठवण कुणी करून दिलीच, तर सर घाईने सांगतात, "त्याच पेपरात आमच्यासारख्यांचं कॅल्क्युलेशनही होतं!" आणि चहाचे पैसे देतात.