जेवण आगाऊ, भूक उधार

लालबागच्या आमच्या चाळीत सहलीचं ठिकाण सगळ्यात शेवटी ठरतं. आधी ठरतं ते खाण्याचं. डबे न्यायचे की वाटेत खायचं, वाटेत तर कुठे, आणि कुठेच काही मिळालं नाही तर पिशवीत काय असावं, एवढं मिटलं की अलिबाग की महाबळेश्वर हे एखादं शेंबडं पोरसुद्धा सांगून टाकतं. चिवडा गल्ली पायाखाली आणि लाडू सम्राट हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसांना वाटेत उपाशी मरण्याची भीती का वाटते, देव जाणे. पण वाटते.

त्यामुळे खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं निघालं तेव्हा गच्चीवरच्या सभेत पाळण्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. २०१३ साली सुरू झालेलं एवढं मोठं उद्यान, ताशी शंभर किलोमीटरच्या वर धावणारा नायट्रो, नर्मदेच्या खोऱ्यात ज्याची हाडं सापडली त्या राजासॉरसच्या नावाची पाण्यातली सफर, सगळं बाजूला राहिलं. आत बाहेरचं खाणं नेता येत नाही आणि तिकीट काढतानाच जेवणाचेही पैसे भरून ठेवायची सोय असते, एवढीच माहिती सभेला पुरली. भरायचे की नाही, यावरून रात्री साडेअकरापर्यंत गच्ची जागी होती.

भरायच्या पक्षाचे पुढारी नाना. नाना १९८२च्या संपापर्यंत एका मिलच्या कॅन्टीनचे हिशेब ठेवायचे. अडीचशेच्या वर कामगार असतील तर कारखान्याला कॅन्टीन ठेवायला लावता यायचं, हे १९४८च्या कारखाना कायद्यातलं कलम त्यांना अजून पाठ आहे, आणि ते कुठेही लावतात. "अरे, दिवसभर दहा-दहा वेळा पाकीट उघडायचं त्यापेक्षा एकदाच उघडा आणि मोकळे व्हा," असं त्यांचं म्हणणं. विरोधी पक्ष तळमजल्यावरच्या काकूंचा. काकूंचं म्हणणं त्याहून सोपं होतं. "नाना, भूक लागायच्या आधी पैसे कसले द्यायचे? आणि नाहीच लागली तर?"

या 'नाहीच लागली तर'वर नाना हसले. लालबागच्या माणसाला भूक लागणार नाही ही कल्पनाच त्यांना करता येईना. पण काकूंच्या बोलण्यात गिरणगावाचं शंभर वर्षांचं शहाणपण होतं, आणि ते नानांनी ओळखायला हवं होतं. कोकणातून, साताऱ्याकडून आलेला गिरणी कामगार बायकोमुलांना गावी ठेवून इथे गाळ्यात राहायचा आणि एखाद्या मावशींच्या खानावळीत जेवायचा. आधी महिनाभर जेवायचं, पगार झाला की पैसे. गावी गेलात, आजारी पडलात, आणि तसं आधी कळवलं असेल, तर खाडा मांडला जायचा आणि तेवढे पैसे वजा. म्हणजे जेवणाऱ्याचं सगळं सुरक्षित. धोका होता तो चूल पेटवणाऱ्या बाईला. वाण्याचं देणं थकायचं, सावकाराचं व्याज चढायचं, आणि संप झाला की ताटावर बसणारेही उधार आणि ताटातलं धान्यही उधार. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांना घेऊन. बँकेचं कर्ज मिळवून त्यांना त्या फेऱ्यातून बाहेर काढायला.

आता पाहा, उद्यानाच्या कूपनात हीच गोष्ट उलटी आहे. पैसे आधी, जेवण मग, आणि खाडा नाहीच. मिरवायचं ते मिरवा, पण जोखीम आता ताटावर बसणाऱ्याच्या खिशात आली. हे मी सभेत बोलून दाखवलं. नाना म्हणाले, "तुला हल्ली फार कळायला लागलंय."

मग नानांनी आंतरराष्ट्रीय साक्षीदार उभा केला. त्यांची पुतणी न्यू जर्सीला असते. तिला भर सभेत व्हिडिओ कॉल लावण्यात आला. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये ही जेवणाची योजना चांगली मुरलेली आहे. महामारीत २०२० साली ती बंद केली, लोकांनी एवढा धोशा लावला की जानेवारी २०२४मध्ये परत आणली. त्यांच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना ती घेता येते. दर रात्रीमागे ठरावीक जेवणं, एक खाऊ आणि अख्ख्या मुक्कामासाठी पुन्हा पुन्हा भरून घ्यायचा एक मग. तीन ते नऊ वर्षांची मुलं बालकांत धरतात, आणि दहा पूर्ण झाली की मोठ्या माणसाचा दर. हे ऐकून दुसऱ्या मजल्यावरचा दहा वर्षांचा चिरंजीव एकदम ताठ बसला. चाळीत त्याला अजून चहासुद्धा मिळत नाही.

"पण वाया जात असेल ना गं?" काकूंनी विचारलं.

तिथे पुतणीने तोंड उघडलं आणि नानांचा खटला ढासळला. तिच्या सासूबाई गिरगावच्या, जन्मात अंडं न शिवलेल्या. दर मात्र मांसाच्या लठ्ठ तुकड्यावर ताव मारणाऱ्याला तोच, आणि पालेभाजी शोधत हिंडणाऱ्या सासूबाईंनाही तोच. न वापरलेली जेवणं आणि खाऊ हॉटेल सोडायच्या दिवशी रात्री बाराला बाद होतात. हे कळल्यावर शेवटच्या संध्याकाळी सासूबाई पदर खोचून दुकानात शिरल्या आणि उरलेल्या खाऊच्या हक्कात बिस्किटं, चॉकलेटं, साखरेत घोळवलेलं काय काय असं पिशवीभर घेऊन बाहेर आल्या. ती पिशवी ठाकूरद्वारच्या बिऱ्हाडात दिवाळीपर्यंत पुरली. पाडव्याला आलेल्या पाहुण्यांना चकलीबरोबर मिकीच्या कानांचं बिस्किट मिळालं म्हणे.

"म्हणजे वसूल झाले की पैसे!" नाना ओरडले. सभा तिथेच संपली. निम्म्यांनी कूपन घेतलं, निम्म्यांनी नाही. चाळीच्या इतिहासात कुठलाही ठराव याहून एकमताने झालेला नाही.

नानांनी तारीख निवडली ती आठवड्याच्या मधली, गर्दी कमी म्हणून. कालनिर्णयात त्या चौकोनात संकष्टी लिहिली होती, ती कुणी पाहिली नाही. माझ्या आजीने पाहिली, पण सहलीच्या आदल्या रात्री. तोवर आजीचंही कूपन निघालं होतं.

पहाटे सहाला बस सुटली. शिवडीहून अटल सेतूवर चढलो. जानेवारी २०२४मध्ये खुला झालेला हा पूल जवळजवळ बावीस किलोमीटर लांब, आणि त्यावर गाडी थांबवायला मनाई. पूर्वी पनवेलपर्यंत चेंबूर, वाशी, कळंबोली करत तीनदा थांबून खाता यायचं. आता पुलाच्या मध्यावर, दोन्हीकडे नुसतं पाणी असताना, कूपन न घेतलेल्यांनी चिवड्याची पिशवी सोडली. लालबागचा पोह्यांचा चिवडा उघडला की त्याचा वास बसमध्ये पक्ष पाहत नाही.

"कूपनवाल्यांनी हात लावायचा नाही!" नाना पुढच्या सीटवरून गरजले. त्यांचं धोरण पक्कं होतं. पोट जेवढं रिकामं, तेवढे पैसे जास्त वसूल. आदली रात्र त्यांनी स्वतः नुसत्या ताकावर काढली होती आणि आपल्या पक्षालाही तसंच सांगून ठेवलं होतं. उपवास आजीचा, पण निर्जळी चेहरे सगळ्या कूपनवाल्यांचे.

खरी कसोटी पळस्पे फाट्याला लागली. दत्त स्नॅक्सपाशी बस थांबणार नसेल तर ड्रायव्हरच बदलावा लागतो, हा मुंबई-पुणे रस्त्याचा अलिखित नियम आहे. बस थांबली. नाना दारात आडवे उभे राहिले. एकेकाला उतरताना कूपन आहे का विचारायचे. असेल तर परत जागेवर. बिनकूपनवाले खाली गरम बटाटेवड्यावर होते आणि खिडक्यांच्या काचांना आतून नाकं चिकटली होती. पहिल्या मजल्यावरच्या भाऊंनी लघवीचं निमित्त काढलं आणि परत आले ते मिशीला लसणाची चटणी लावून. नानांनी त्यांच्याशी खोपोलीपर्यंत अबोला धरला. मध्ये महडला वरदविनायकाचं दर्शन झालं, कारण संकष्टी आणि वाटेत अष्टविनायकातला गणपती असताना बस पुढे नेणं आजीने होऊ दिलं नसतं. तिथला नंदादीप १८९२पासून तेवतो आहे. भाऊ त्याच्यासमोर बराच वेळ हात जोडून उभे होते.

उद्यानात शिरल्यावर नानांनी घड्याळ काढलं. बुफे उघडायला अजून वेळ होता. तोवर काय करायचं, तर थांबायचं. "आत्ता पाळण्यात बसून पोट ढवळून घेऊ नका." मिस्टर इंडियाची सफर बाहेरून पाहिली, सलीमगढचा भुतांचा किल्ला बाहेरून पाहिला, अलीबाबाच्या गुहेसमोर पोरं हट्टाला पेटली तेव्हा त्यांनाही भूक राखून ठेवायला सांगण्यात आलं. पोरांनी राजकीय पक्ष बदलला. ती काकूंच्या मागे पळाली आणि दिवसभर पुन्हा सापडली नाहीत.

बुफे उघडला आणि नाना आत शिरले. त्यानंतरचा सव्वा तास मी सविस्तर सांगणार नाही. काही गोष्टी चाळीतच राहाव्यात. एवढंच सांगतो की नानांनी जेवायचा क्रम लावून दिला होता. पनीर आणि गोड आधी, तळलेलं मग, भात आणि रोटीला शेवटपर्यंत शिवायचं नाही. त्यांच्या मते भात-रोटी म्हणजे पागडीचे भाडेकरू. एकदा आत आले की जागा अडवतात आणि त्यातून काही निघत नाही. मला पनीर आवडत नाही. पण भरलेल्या पैशांपुढे आवडीनिवडीला काय किंमत? मी गुलाबजाम खात राहिलो.

आजी समोर बसली होती. उपवासाचं म्हणून तिने कलिंगडाच्या चार फोडी आणि पपईच्या दोन घेतल्या. नाना वहीत काहीतरी लिहायला लागले, थांबले, पुन्हा लिहिलं. मग हळूच माझ्याकडे वही सरकवली. आजीच्या कूपनाला सहाने भागलं होतं. एका फोडीला पडलेला भाव पाहून मी आजीला म्हटलं, "अगं, बिया टाकू नकोस."

बाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं, आणि काकूंचा कंपू नायट्रोवरून दुसऱ्यांदा उतरत होता. दुपारी सगळी दुनिया जेवायला बसली की पाळण्यांच्या रांगा आखडतात. ही साधी गोष्ट काकूंना सहज कळली होती, कारण त्यांना बुफेची वेळ सांभाळायची नव्हती. नायट्रोवर माणूस पाच वेळा उलटा होतो. कूपनवाल्यांपैकी नायट्रोवर चढायची हिंमत फक्त भाऊंनी केली. त्यांच्या पोटात पळस्पेचा वडा आणि त्यावर पूर्ण बुफे होता. ते खाली उतरले आणि एका बाकावर बसून त्यांनी पुन्हा गणपतीचं नाव घेतलं. आम्ही बाकीचे मुलांच्या टबी नावाच्या हत्तींवर हळूहळू गोल फिरलो. तिथेही नाना खालून सूचना देत होते की डोळे मिटू नका, ढवळतं.

म्हणून काकूंचा पक्ष जिंकला असं कुणी समजू नये. परतीच्या बसमध्ये नानांनी वही उघडली आणि दोन्ही बाजूंचा खर्च मांडला. काकूंच्या लोकांनी जेवणाचे पैसे वाचवले होते खरे. पण पाळण्यांच्या मधल्या वेळात पोरांना कणीस, आइस्क्रीम, पॉपकॉर्न, थंड पेयं, पुन्हा आइस्क्रीम, आणि संध्याकाळी सगळ्यांनाच कडकडून भूक लागली तेव्हा आतल्या दराने एकेक प्लेट. माणशी आकडा कूपनाच्या वर गेला होता. कूपनवाल्यांनीही पाणी आणि लिंबू सरबत वेगळं घेतलंच होतं, कारण तेवढ्या गुलाबजामांनंतर दुसरा इलाज नव्हता. बेरीज केली तर दोन्ही पक्षांत काही रुपयांचा फरक. काकूंनी तो आकडा ऐकला आणि शांतपणे विचारलं, "नाना, आणि पाळणे किती झाले तुमचे?" नानांनी वही मिटली.

खोपोलीत रमाकांतचा वडा खायला बस थांबली तेव्हा दोन्ही पक्ष उतरले. नाना पहिले.

तर तुमच्याकडे पुढच्या सुट्टीत असा बेत असेल, तर ऐका. घरात आठवी ते बारावीतलं पोर असेल तर जेवणाचं कूपन डोळे मिटून घ्या. त्याला बुफेवर सोडा आणि तुम्ही हिशेब विसरा. मोठा घोळका असेल, प्रत्येकाच्या खिशाची वेगळी तऱ्हा असेल आणि पैशांवरून रुसवे नको असतील, तरी घ्या. लहान मुलं पोळीचा तुकडा चिवडून उठणार असतील, घरात कुणी थोडंच खाणारं असेल, तर त्यांच्यापुरतं घेऊ नका. आत गेल्यावर भूक पाहून विकत घ्या. घेतलंच तर आधी पाळणे, आणि जेवायला दोन वाजल्यानंतर. तिकिटाची तारीख नक्की करण्याआधी कालनिर्णय बघा. आणि पळस्पेला गाडी थांबणार असेल, तर कूपनाच्या नादी मुळीच लागू नका.