हळद लागलेली फियाट

आमच्या फियाटला हळद लागली ती सुरूर फाट्याच्या अलीकडे, एका चहाच्या टपरीसमोर. त्याआधी तिला साबण लावून झाला होता आणि अंगावर ओला पंचाही पडला होता. पण क्रमाने सांगतो.

गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी. १९७४ साली या मॉडेलला चितोडच्या राणीचं नाव मिळालं, पण महाराष्ट्राने ते कधी मनावर घेतलं नाही. 'फियाट' ती 'फियाट'च राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे तिघं ऐसपैस बसतील असा सोफा आणि खिडकीला वारा नेमका शर्टात सोडणारी ती त्रिकोणी काच. सोसायटीतल्या गुलमोहराखाली काही वर्षं उभ्या असलेल्या या गाडीचे मी पंचावन्न हजार मोजले. आयुष्यभर बँकेत इतरांच्या कर्जाच्या अर्जांवर 'तारण अपुरे' असा शेरा मारणाऱ्या माणसाने हे करावं, याचं हिला, म्हणजे माझ्या बायकोला, अजून नवल वाटतं.

गाडीचं पासिंग २०२३च्या डिसेंबरात संपणार होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी खाजगी गाडीची ही परीक्षा असते, आणि १ एप्रिल २०२२पासून तिची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती. नापास होणं परवडणारं नव्हतं. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, बंद केलं आणि 'सव्वा लाख' म्हणाला. मी डायरीत तीस हजारांचं बजेट लिहिलं होतं, दोन रकान्यांत: 'गरज' आणि 'हौस'.

कोल्हापूरच्या मेहुण्याला फोनवर हा आकडा सांगितला.

"दाजी, सव्वा लाखात हिकडं म्हस येती," तो म्हणाला. "गाडी हाणत या. उद्यमनगरात लावू, नवरीगत करून देतो."

निघण्यापूर्वी हौसेच्या रकान्याची सुरुवात मी जुन्या बाजारात केली. मंगळवार पेठेतला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. रविवारी चाकांच्या तीन कॅप मिळाल्या. चौथी बुधवारी मिळाली. ती बसवून मागे सरकलो, मोजतो तर पुन्हा तीनच. चौथी मी कोणाकडून विकत घेतली याचा तेव्हा मला उलगडा झाला.

मे महिन्यातल्या एका पहाटे सहाला चोक ओढून निघालो. कात्रजचा बोगदा तिने असा पार केला की मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ही म्हणाली, "पेट्रोलचा वास येतोय."

खेड शिवापूरला वाकून पाहिलं, तर टाकी थेंब-थेंब गळत होती. शेजारी टेम्पोचं चाक बदलणारा पोरगा न उठताच म्हणाला, "साबण चोळा, काका. कोरडा." साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये नाही, हे शास्त्र त्या पोराला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. धुण्याची वडी कुठून आणणार? हिच्या बॅगेत माहेरी न्यायची चंदनाची होती. ती हिने ज्या नजरेने माझ्या हातात दिली, त्या नजरेचा रकाना डायरीत नाही. थेंब मात्र थांबला, आणि पुढे दहा-पंधरा किलोमीटर गाडी देवघरासारखी दरवळत होती.

मग खंबाटकी. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा घाट चढावा लागायचा आणि परतताना सरळ बोगदा मिळायचा. म्हणजे बिघडलेली गाडी घाटातून न्यायची आणि दुरुस्त झालेली बोगद्यातून आणायची! तिसऱ्या वळणावर फियाटने दोन उचक्या दिल्या आणि श्वास सोडला.

मी बोनेट उघडून पाहू लागलो. नक्की काय पाहायचं ते माहीत नव्हतं, पण ते उघडून उभं राहिलं की रस्त्याला निरोप जातो. पहिल्या पाच मिनिटांत एक ट्रक, दोन मोटरसायकली आणि एक निवृत्त फौजदार थांबले. नव्या गाडीचं बोनेट उघडून उभे राहा, लोक लांबूनच वळसा घालतील. आत सगळं काळ्या प्लॅस्टिकने झाकलेलं, बोलणार काय? फियाटच्या आत मात्र ज्याने त्याने कधी ना कधी हात घातलेला. ट्रकवाला तर तरुणपणी मुंबईत काळी-पिवळी चालवलेला निघाला. त्याने मला कोपराने बाजूला केलं.

"पंप तापलाय. फडकं हाय का वलं?"

प्रकार असा: फियाटचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटून बसलेला. घाटात इंजिन तापलं की पंपही तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि मग पंप नुसतीच हवा ओढत बसतो. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, त्याने पेट्रोल आणखी लवकर उकळतं. आणि हे इथेनॉल बरंचसं येतं उसापासून. म्हणजे ज्या कोल्हापूरकडे आम्ही निघालो होतो, तिथलाच रस बहुधा खंबाटकीत माझ्या पंपात काहिलीतल्यासारखा उकळत होता. फडकं नव्हतं. माझा पूजेचा पंचा होता. ट्रकवाल्याने तो पाण्यात बुडवून पंपाला सोवळं नेसवल्यासारखा गुंडाळला, आणि पंधरा मिनिटं सगळ्यांनी आपापल्या फियाट सांगितल्या. फौजदारांचं लग्न फियाटमधून झालं होतं. एका मोटरसायकलवाल्याचा जन्मच फियाटमध्ये झाला होता, असं त्याची आई म्हणायची. गाडी सुरू झाली तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मला कोणी काही विचारलंच नाही; मालक म्हणून माझं काम फक्त किल्ली फिरवण्याचं होतं.

घाट उतरलो आणि समोर पांढरा ढग आला. ढग आमचाच होता. टपरीवरच्या मावशींनी आधी मला दरडावलं, "झाकण उघडू नगा, तोंड भाजंल!" अर्ध्या तासाने, निवल्यावर, रेडिएटरच्या जाळीत सुईएवढं भोक सापडलं. मावशींचे दिवंगत मालक जीप चालवायचे. त्या आत गेल्या आणि मूठभर हळद घेऊन आल्या.

"ह्यात टाका. भोकात जाऊन बसती."

पाण्याबरोबर हळद घातली, इंजिन सुरू ठेवलं. आधी पिवळी धार, मग पिवळे थेंब, मग काही नाही. ही लिंबाच्या सावलीत चहा पीत सगळं पाहत होती.

"साबण झाला, पंचा झाला, हळद लागली," ती म्हणाली. "मुहूर्त कितीचा आहे?"

पुढचा प्रवास मला सांगता येणार नाही, कारण मी तो पाहिला नाही. साताऱ्याला कंदी पेढे घ्यायचे होते आणि कराडला प्रीतिसंगम दाखवायचा होता. मी उष्णतेचा काटा पाहत होतो. तो कराडपर्यंत स्थिर होता, पेठ नाक्यानंतरही स्थिर होता, आणि किणीला लक्षात आलं की तो बंदच आहे. दोनशे तीस किलोमीटरला अकरा तास लागले. तावडे हॉटेलपाशी मेहुणा टोचनाचा जाड दोर खांद्यावर टाकून उभा होता. गाडी स्वतःच्या पायांनी आलेली पाहून त्याचा चेहरा पडला.

उद्यमनगरातले मिस्तरी सत्तरीचे. त्यांनी बोनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून, वैद्याने नाडी पाहावी तशी गाडी ऐकली. मग रेडिएटर उपसला.

"ही कढी कुणी केली?"

हळद भोक बुजवते आणि त्या भरात आतल्या चांगल्या नळ्याही बुजवते, हे मला तिथे कळलं. पण जुना रेडिएटर पितळ-तांब्याचा, त्यामुळे त्याला डाख देता येतो. हल्लीचे ॲल्युमिनियमचे, वर प्लॅस्टिकची टाकी. फुटला की फेकला. सहाशे रुपयांत रेडिएटर बरा झाला. गिअरच्या दांड्याचा झिजलेला बुश बाजारात कुठेच नव्हता. मिस्तरींनी समोरच्या लेथवाल्याला नुसती हाक मारून अंगठा आणि तर्जनीमधलं अंतर दाखवलं. तासाभरात नवा बुश आला, साडेतीनशे रुपये, आणि चपखल बसला. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्या गावाला फियाटच्या बुशचं काय कौतुक? पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगून मऊ पडल्या होत्या, त्या बदलल्या. प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवे. पाट्यांना ग्रीस. एकूण किती झाले, असं रोज विचारलं की मिस्तरी म्हणायचे, "बघू की." कर्जखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला या दोन शब्दांनी रात्र-रात्र झोप येत नाही.

रंग मला पोपटी द्यायचा होता. मिस्तरींनी आरसी बुक मागितलं आणि 'पांढरा' या शब्दावर ग्रीसचं बोट ठेवलं. रंग बदलायचा तर आधी तिथे नोंद हवी, नाहीतर पासिंगला अडकणार. पत्रा ठोकून, लांबी भरून गाडी पुन्हा पांढरीच झाली.

हौसेचा रकाना हिने भरला. सीटचं रेक्झिन फाटलं होतं. त्यावर सोलापुरी चादरी शिवून घेतल्या. प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे. "म्हणजे हे तिच्या माहेरचं लुगडं," ही म्हणाली. ॲक्सिलरेटरच्या पेडलचं रबर केव्हाच गेलेलं होतं. मेहुण्याने ते पेडल उचललं, चप्पल लाइनीत नेलं आणि त्यावर अस्सल कोल्हापुरी तळ चढवून आणला. शिलाई पांढऱ्या दोऱ्याची, मधे लाल गोंडा. पाय दाबला की करकर वाजे.

"ह्यो आवाज काढायला जादा पैसं पडत्यात, दाजी!"

बिल बेचाळीस हजार झालं. मी डायरीतलं बजेटच बेचाळीस केलं. बँकेत याला पुनर्रचना म्हणतात.

परतताना बोगद्यातून आलो. कुठेही थांबावं लागलं नाही. मावशींच्या टपरीचा रस्ता वेगळा पडल्याने त्यांना गाडी दाखवायचीही राहून गेली. शिरवळपर्यंत ही गप्प होती. मग म्हणाली, "आज कोणीच भेटलं नाही, नाही?"

ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निघून गेली. मेहुण्याचा लगेच फोन. "दाजी, बातमी बघितली. आपली हाय न्हवं?" मी बाल्कनीतून खाली पाहिलं. होती. कॅप मात्र तीनच.

डिसेंबरात पासिंगच्या दिवशी तपासनीस साहेबांनी चासीचा नंबर ताडून पाहिला, दिवे पाहिले, मग सीटवर बसून ॲक्सिलरेटर दाबला. करकर. ते खाली उतरले, गाडीखाली वाकून पाहिलं, पुन्हा बसले. करकर.

"हा आवाज कसला?"

"कोल्हापुरी," मी म्हणालो.

त्यांनी गोंडा पाहिला. काही बोलले नाहीत. बोनेट उघडलं, रेडिएटरच्या झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं.

"आणि हे पिवळं काय आहे?"

मी शब्द शोधत होतो. मागे बाकावर बसलेल्या हिने चष्मा काढला आणि म्हणाली, "लग्नघरची आहे, साहेब. धुतली तरी जात नाही."