नऊ इंचांच्या आत

आमच्या विळीचं पातं मी परवा पट्टीने मोजलं. ते वाकडं, त्यात टोकाला खवणी, त्यामुळे पट्टी टेकवायची कुठे यावरून घोळ झाला. पण आकडा ९ इंचांच्या पुढेच गेला. ‘‘मोजून झालं असेल तर सरक, मेथी खोळंबलीय,’’ बायको म्हणाली.

मोजायला कारण होतं. २०१६च्या शस्त्र नियमांनी तलवारी, खंजीर, भाले यांच्या पंगतीला ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरेही बसवले आहेत. सरकारने अधिसूचित केलेल्या भागात ही मंडळी बाळगायला परवाना लागतो. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. म्हणजे विळी सुटली. खुरपं आणि चांभाराची रापीही सुटली.

तलवार मात्र काही केल्या सुटत नाही. गल्लीतले भाऊ वाढदिवसाचा केक तलवारीने कापतात. आता केक कापण्याहून घरगुती काम ते कोणतं? तरी दुसऱ्या दिवशी भाऊंवर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा. व्हिडिओ भाऊंनीच स्टेटसला ठेवलेला असतो, त्यामुळे पुराव्यासाठी पोलिसांना फारसे जिने चढावे लागत नाहीत. उलट कोयता जन्माने शेतकरी. पुण्यात तो नाचवत फिरणाऱ्या टोळ्यांचा उच्छाद झाला, तेव्हा पोलिसांनी दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायला सांगितलं. शहाळंवाल्याला आता बँकेत आणि हार्डवेअरच्या दुकानात एकच कागद पुरतो.

दिल्लीचा हिशोब आणखी बारीक. तिथल्या १९८०च्या अधिसूचनेत बटणाच्या चाकूची मर्यादा आहे लांबीला ७.६२ आणि रुंदीला १.७२ सेंटिमीटर. असा चाकू खिशात घालणाऱ्याने दुसऱ्या खिशात व्हर्निअर कॅलिपर ठेवावा हे बरं. शिखांच्या कृपाणाला या कटकटीत थेट संविधानाचा आधार आहे. २५व्या कलमाच्या स्पष्टीकरणातच त्याचा उल्लेख आहे.

आपल्याकडे खरी मौज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमात. मनाई आदेश निघाला की इंचांचा प्रश्नच मिटतो. तलवारी, सुरे, सोटे, काठ्या, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू, गोळा केलेले दगड, इथपर्यंत समजतं; पण त्याच दमात प्रतिमांचं प्रदर्शन, जाहीर घोषणा, गाणी आणि वाद्यंही येतात. ही यादी लिहिणारा बहुधा नुकताच एखाद्या लग्नाहून परतला असावा. कारण आपल्या वरातीत यातलं निम्मंअधिक सापडतं: पुढे बँड, मधे मामांची काठी, मागे बेसूर भाचे आणि घोड्यावर हातात कट्यार घेतलेला नवरदेव. तरी बंदोबस्तावरच्या हवालदाराने त्याला उतरवून पातं मोजल्याचं मी पाहिलेलं नाही. कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचलेलं असतं, तोच त्याचा परवाना.