एकदा बसवलं की बघायला नको

साठवणकर म्हणजे घरातली सगळी गाणी, सिनेमे, फोटो आणि लग्नामुंजींच्या चित्रफिती एका डब्यात साठवून ते सगळे जुन्या टीव्हीवर दाखवण्याच्या तयारीत असलेले गृहस्थ. ‘तयारीत असलेले’ हा या व्याख्येचा गाभा. प्रत्येक सोसायटीत त्यांचा एक तरी नमुना असतोच. वय पंचेचाळीस ते साठ, नोकरी बँकेत किंवा कारखान्याच्या मेन्टेनन्स खात्यात, किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह, शर्टाच्या खिशात टेस्टर. स्त्रीलिंगी रूप आढळत नाही. बायकांची साठवण म्हणजे पापड, कुरडया, लोणची. ती वर्षभरात खाऊन संपते, हा मूलभूत फरक.

ओळखण्याची हमखास खूण म्हणजे एक वाक्य : ‘एकदा बसवलं ना, की मग बघायला नको.’ तोंडात स्क्रू ड्रायव्हर धरलेला असतानाही ते स्पष्ट ऐकू येते.

साठवणकरांचा उगम कॅसेटच्या काळात आहे. आधी टेपरेकॉर्डर, मग व्हीएचएस, मग व्हीसीडी. व्हीसीडीवरचे चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचे असे, आणि एक सिनेमा दोन तबकड्यांत, लांबला तर तीन तबकड्यांत मावे. तिसरी तबकडी नेमकी शेजाऱ्यांकडे राहिलेली असे. कित्येक हिंदी सिनेमांत शेवटी खलनायकाचे काय झाले, हे साठवणकरांना आजही ठाऊक नाही. पुढे डीव्हीडी आल्या, पेनड्राइव्ह आले, हार्ड डिस्का आल्या, आणि घरात एकूण अकरा ठिकाणी अकरा प्रकारचे सामान झाले. मग एके दिवशी एका हार्ड डिस्कमधून टक् टक् आवाज आला आणि अष्टविनायक यात्रेचे सगळे फोटो गेले. साठवणकरांनी दोन दिवस दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशी जाहीर केले : ‘सगळं एका जागी आणायचं. एकदा बसवलं की बघायला नको.’

एका जागी आणायचे म्हणजे नेमके काय, हे समजायला आधी त्यांचा टीव्ही समजून घ्यावा लागतो. तो 2010 च्या आसपास घेतलेला 32 इंची एलसीडी. त्याला इंटरनेट ठाऊक नाही. बाजूला यूएसबीची जागा आहे, पण तिथे फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच चालतो, आणि त्या पद्धतीत 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. सिनेमा नेमका 5 जीबीचा असतो. मागच्या अंगाला मात्र एचडीएमआयची दोन भोके आहेत, आणि साठवणकरांचे सगळे तत्त्वज्ञान त्या दोन भोकांतून आत जाते.

ते तत्त्वज्ञान असे : टीव्हीने फक्त दाखवावे, डोके आपण लावावे. स्मार्ट टीव्हीचा पडदा दहा-बारा वर्षे टिकतो, पण त्याच्या पोटातली अ‍ॅप काही वर्षांतच नवी व्हायची थांबतात. मग तोच टीव्ही धडधाकट शरीराचा आणि विसरभोळा होतो. त्यापेक्षा डोके बाहेर ठेवावे. जुने झाले की डोके बदलावे, टीव्ही तोच. हे म्हणणे बरोबर आहे, आणि साठवणकरांचा राग येण्याचे मुख्य कारण तेच. नव्या टीव्हीच्या किमतीपेक्षा या बाहेरच्या डोक्यावर जास्त खर्च झालेला असतो, हेही तितकेच बरोबर. पण मोठी रक्कम एकदम गेली की घरात विचारणा होते, सुट्ट्या पार्सलांची होत नाही.

मांडणीचे चार भाग पडतात. पहिला सर्व्हर, म्हणजे मुलाने टाकून दिलेला कॉम्प्युटर आणि त्यात दोन मोठ्या डिस्का. दुसरा, घरातले नेटवर्क. तिसरा, टीव्हीच्या पाठीमागे दुहेरी टेपने चिकटवलेली पत्त्यांच्या कॅटाएवढी रास्पबेरी पाय. हा ब्रिटिश बनावटीचा चिमुकला कॉम्प्युटर 29 फेब्रुवारी 2012 रोजी 35 डॉलरना विक्रीला आला. त्याचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येतो, आणि तो साठवणकरांच्या लक्षात असतो. लग्नाचा दरवर्षी येतो. त्या चिमुकल्यावर कोडी नावाचा कार्यक्रम चालतो. 2002 साली तो एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी लिहिला गेला आणि 2014 साली त्याला आजचे नाव मिळाले. चौथा भाग टीव्ही. त्याला या सगळ्याची कल्पना नसते. त्याच्या दृष्टीने कोणीतरी वायर खुपसली आहे.

नेटवर्कचे काम सर्वांत लांबते. सर्व्हर पोटमाळ्यावर, टीव्ही दिवाणखान्यात आणि मध्ये दोन भिंती. वायफायवर गाणी येतात, फोटो येतात, पण सिनेमा नेमक्या हाणामारीत अडकतो आणि नायकाची मूठ हवेत राहते. उपाय म्हणजे वायर. ती पोटमाळ्यावरून, बाथरूमच्या झरोक्यातून, देवघरामागून आणि फोटोफ्रेमच्या आडून आणली जाते. डोंबिवलीच्या एका घरात ही वायर देव्हाऱ्यातल्या दिव्याच्या फार जवळून गेली होती. तेव्हापासून तिथे निरांजन डाव्या बाजूला ठेवतात आणि पाहुण्यांना ती घराण्याची रीत वाटते.

यानंतर येतात फाइलींचे वेगवेगळे बांधे. चित्रफीत आवळून बसवण्याच्या पद्धती अनेक. एच 264 ही 2003 ची, तिच्याहून निम्म्या जागेत काम भागवणारी एचईव्हीसी 2013 ची. रास्पबेरी पायच्या तिसऱ्या पिढीत एचईव्हीसी उलगडणारी खास चिप नाही, ती चौथ्या पिढीत आली. चिप नसली की सर्व्हरला ती फाइल चालता चालता सोप्या पद्धतीत उतरवून द्यावी लागते. त्या वेळी पोटमाळ्यावरचा पंखा गिरणीसारखा घरघरतो. घरातली माणसे मान वर करून बघतात, साठवणकर करत नाहीत. ‘तो काम करतोय,’ ते म्हणतात. आवाजात बापाचा अभिमान असतो.

आईच्या खोलीत डबा टीव्ही असेल तर प्रकरण वाढते. त्याला फक्त लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन पिना लागतात. एचडीएमआयचे चित्र त्यांत उतरवणारी छोटी पांढरी डबी पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. पण ती एकाच दिशेने काम करते, आणि उलट्या दिशेची डबीही हुबेहूब तशीच दिसते. साठवणकर पहिल्या खेपेस उलटी आणतात. दुसऱ्या खेपेस दुकानदार ती बदलून देत नाही. घरात मग दोन्ही दिशांच्या डब्या होतात आणि तेही एक साधन होते : ‘असू दे, कधीतरी लागेल.’

एवढे झाल्यावर रिमोटचा प्रश्न सुटतो. एचडीएमआयच्या वायरीतूनच टीव्हीच्या रिमोटचे हुकूम पलीकडच्या यंत्राला पोचवण्याची सोय असते. तिचे नाव सीईसी. सॅमसंग तिला अ‍ॅनिनेट म्हणते, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. देव एक, नावे अनेक, आणि बऱ्याच टीव्हींत तो सेटिंगच्या गाभाऱ्यात झोपलेला. साठवणकर त्याला जागा करतात. ही सोय दोन्ही बाजूंनी चालते, म्हणजे पलीकडचे यंत्रही टीव्ही चालू करू शकते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पुढचा टप्पा ग्रंथालयाचा. कोडी प्रत्येक फाइलीचे नाव वाचते, इंटरनेटवरच्या सिनेमांच्या कोशात शोधते आणि तिथले पोस्टर, नटनट्या, कथासार आणून लावते. म्हणून फाइलीचे नाव शिस्तीत लागते : आधी सिनेमाचे नाव, मग कंसात वर्ष. घरगुती चित्रफिती या शोधातून वगळाव्यात, त्यांचे फोल्डर वेगळे ठेवावे, असा नियम आहे. साठवणकरांना तो ठाऊक असतो. तरीही एका घरात भाच्याच्या मुंजीची फाइल नुसती ‘मुंज’ अशा नावाने सिनेमांच्या फोल्डरमध्ये पडली. कोडीने कोश चाळला आणि तिला 2024 च्या ‘मुंज्या’ या भुताच्या सिनेमाचे पोस्टर लावले. त्याच आठवड्यात पहाटे तीनला वीज गेली आणि आली. रास्पबेरी पाय उठली, तिने सीईसीमार्फत टीव्हीला उठवले, आणि पाणी प्यायला आलेल्या सासूबाईंना अंधाऱ्या दिवाणखान्यात आपोआप पेटलेल्या पडद्यावर मुंज्या दिसला. शेजारी कथासारात भाच्याचे नाव नव्हते, पण त्या वाचायला थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नारळ फोडण्यात आला. साठवणकरांनी सेटिंग बदलले आणि सांगितले, ‘आता परत बघायला नको.’ सासूबाई म्हणाल्या, ‘तेच म्हणत्ये मी.’

प्रात्यक्षिक पाहुण्यांसमोर होते. पाहुण्यांनी आग्रह केलेला नसतो. चहा येतो, टीव्ही लागतो, निळा पडदा येतो. ‘इनपुट बदलायला हवं.’ इनपुट बदलते, चित्र येते, आवाज येत नाही. ‘आवाज एचडीएमआयला न जाता जॅकला जातोय.’ साठवणकर टीव्हीमागे शिरतात आणि पुढची वीस मिनिटे पाहुण्यांना त्यांची फक्त पाठ दिसते. दुसरा चहा येतो. मुले एव्हाना तोच सिनेमा मोबाइलवर बघत असतात. अखेर आवाज येतो, सिनेमाची नामावली सुरू होते, आणि पाहुण्यांची बस निघायची वेळ होते. दारात साठवणकर सांगतात, ‘आज जरा गडबड झाली, पण एकदा बसवलं की बघायला नको.’ आतून बायकोचा आवाज येतो : ‘खरंय अहो. बसवल्यापासून कोणी बघितलंच नाही.’

सुरक्षेबाबत साठवणकर कडक असतात. सर्व्हरमधल्या दोन डिस्का एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. एक बिघडली तर दुसरी चालू राहते. पण आरसा म्हणजे जपणूक नव्हे. चुकून काही पुसले तर ते दोन्हीकडून एकाच क्षणी पुसले जाते. म्हणून या क्षेत्रातला नियम तीन-दोन-एक असा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत बहिणीच्या कपाटात पैठणीच्या घडीत असते. दर भाऊबीजेला साठवणकर जुनी डिस्क घेतात, नवी ठेवतात. ओवाळणीचे पाकीट कधी कधी राहून जाते, डिस्क राहत नाही.

इथवरच्या वर्णनावरून हा प्राणी निरुपयोगी ठरतो, आणि बरीच वर्षे सोसायटीचेही तेच मत असते. मत बदलते ते कॅसेटमुळे. व्हीएचएस कॅसेटवर बुरशी चढते, मुंबईच्या दमट हवेत तर लवकर. खिडकीतून पाहिले की फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. व्हीसीआर बनवणे जपानच्या फुनाई कंपनीनेही 2016 साली थांबवले. साठवणकरांकडे जुन्या बाजारातून आणलेले दोन आहेत, एक चालणारा आणि एक सुट्या भागांसाठी. कोणीतरी बिचकत लग्नाची कॅसेट आणून देते. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवताना घाई करता येत नाही. फाइल क्षणात कॉपी होते, पण फीत तिच्या चालीनेच चालते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, आणि चित्र फाटले की हात लावायला कोणीतरी समोर बसावे लागते. साठवणकर बसतात. अशा रीतीने बी विंगमधली सगळी लग्ने, अक्षता पडण्यापासून पाठवणीपर्यंत, एकही मिनिट न गाळता पाहिलेला जगातला एकमेव माणूस तेच. ज्यांची लग्ने, त्यांनीही एवढी पाहिलेली नसतात.

पैसे ते घेत नाहीत. एक प्रत स्वतःकडे ठेवतात, ‘असू दे’ म्हणून. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा मुलाला त्यांचा आवाज कुठेच सापडेना. फोन बदलताना सगळे पुसले गेले होते. तेराव्याच्या आदल्या रात्री त्याने साठवणकरांची बेल वाजवली. पंधरा मिनिटांत आजोबा बिनडोक टीव्हीवर व्याह्यांशी मानपानावरून भांडत होते, खणखणीत आवाजात. त्या रात्री इनपुट बदलावे लागले नाही आणि आवाजही पहिल्या फटक्यात आला. साठवणकर नेहमीचे वाक्य बोलले नाहीत.

शेवटचा मुद्दा नोंदींचा. असे कार्यक्रम कोणती फाइल किती वेळा पाहिली याचा आकडा ठेवतात. साठवणकरांकडे सुमारे बाराशे सिनेमे असतात, आणि बहुतेकांपुढे शून्य असते. एका फाइलीपुढे मात्र 214 आहे. ती त्यांच्या स्वतःच्या मुंजीची, दहा मिनिटे शिल्लक राहिलेली, बाकी बुरशीने गेलेली. बघण्याची वेळ रात्री साडेअकरानंतरची, घर झोपल्यावर, आवाज अगदी बारीक. चौथ्या मिनिटाला कॅमेरा स्वयंपाकघराच्या दारात जातो. आई जिलबीचे ताट घेऊन बाहेर येत असते. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून ती पदर आडवा धरते आणि कॅमेरावाल्याला म्हणते, ‘इकडं काय बघायचंय? तिकडं पंगत बघ.’ कॅमेरा पंगतीकडे वळतो. साठवणकर टीव्ही बंद करतात. सर्व्हर चालूच असतो.