दीड हजार वॅटची आमटी

रडारच्या मॅग्नेट्रॉनवर अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी पर्सी स्पेन्सरने १९४५ मध्ये अर्ज केला. पुढे त्यातून आलेल्या मायक्रोवेव्हच्या पेटीत कन्व्हेक्शनची तापती कॉइल आणि पंखा बसला, १८० अंशांवर केक फुगू लागला, नानकटाई खुसखुशीत होऊ लागली. आमच्याकडे तिच्यात कालची आमटी गरम होते. दुकानात ऑटो-कुकचे पदार्थ मोजून घेतलेले असतात (ढोकळासुद्धा आहे हो!), घरी बोट ‘तीस सेकंदां’पुढे सरकत नाही. पत्र्याचा केकचा डबा कन्व्हेक्शनला चालतो, मायक्रोवेव्हवर ठिणग्या उडवू शकतो. हा फरक लक्षात ठेवण्यापेक्षा डबा माळ्यावर बरा. शिवाय पेटीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती. गरम हवा बाहेर पडायची जाळी झाकली गेली खरी, पण बाप्पांना हलवून केक करणार कोण?